सायटेशनचा आकडा नेमके काय मोजतो?

ऑलिव्हर लाउरी या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५१ मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात तांब्याचा क्षार असलेले अल्कधर्मी द्रावण घालायचे, थोड्या वेळाने फोलिन अभिकर्मक हे रसायन मिसळायचे आणि निळा रंग चढू द्यायचा. रंग जितका गडद, तितके प्रथिन अधिक. एवढ्या साध्या कृतीच्या या शोधनिबंधाचा संदर्भ २०१४ पर्यंत इतर निबंधांमध्ये तीन लाखांहून अधिक वेळा दिला गेला होता आणि सर्वाधिक सायटेशन (म्हणजे इतर निबंधांनी दिलेले असे संदर्भ) मिळवणारा निबंध म्हणून तो त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर होता. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध मात्र पहिल्या शंभरातही नव्हता.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रथिन मोजण्याचे काम असंख्य प्रयोगशाळांत रोजच चालते आणि वापरलेल्या पद्धतीचा संदर्भ देणे हा लेखनाचा शिरस्ता आहे. उलट डीएनएची रचना पाठ्यपुस्तकात इतकी मुरली, की तिचा उल्लेख करताना मूळ निबंधाचा हवाला देण्याची गरजच कुणाला भासत नाही. आपला हा निबंध काही थोर नव्हे, याची लाउरींना स्वतःलाही पुरती जाणीव होती.

सायटेशनची पद्धतशीर सूची करावी, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली, ती मूल्यमापनासाठी नव्हे. एखाद्या निबंधावर पुढे कोणी टीका केली, तो कोणी पुढे नेला, हे वाचकाला शोधता यावे, हा त्यांचा हेतू होता आणि नमुना होता अमेरिकी वकिलांच्या वापरातील निवाड्यांच्या सूचीचा. नेमणुका आणि बढत्या या आकड्यांवर होऊ लागल्या, त्या नंतर.

आज जैववैद्यकीय संशोधकाच्या माहितीपत्रकात हमखास दिसतो तो एच-इंडेक्स. सॅन डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. किमान तितकीच सायटेशन मिळालेले जितके निबंध संशोधकाच्या नावावर असतील, तो त्याचा एच-इंडेक्स. समजा, एका संशोधिकेच्या सहा निबंधांना अनुक्रमे ५०, १८, ९, ६, ४ आणि २ सायटेशन मिळाली आहेत. चौथ्या निबंधाला किमान चार आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून तिचा एच-इंडेक्स चार. पहिल्या निबंधाची सायटेशन उद्या पन्नासावरून पाच हजार झाली, तरी हा आकडा चारच राहील. शिवाय तो कधी घटत नाही, संशोधकाने काम थांबवले तरीही. त्यामुळे तिशीतल्या आणि साठीतल्या संशोधकांची तुलना त्यावर करणे मला तरी अन्यायाचे वाटते. गूगल स्कॉलर ही शोधसेवा प्रबंध आणि छपाईपूर्व मसुदेही मोजत असल्याने तेथील आकडा स्कोपस या निबंधसूचीपेक्षा बहुधा मोठा निघतो, हे वेगळेच.

सायटेशन म्हणजे शाबासकी, असेही नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेलाविरोधी लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडू पाहणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारित १९९८ चा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्याच्या वाट्याला आलेल्या सायटेशनपैकी बरीचशी तो खोडून काढणाऱ्यांची आहेत, पण मोजणीत तीही जमेलाच धरली जातात.

संशोधकाच्या निबंधांची यादी वाचताना लेखकांच्या नावांचा क्रम पाहणे अधिक उपयोगी ठरते. जैववैद्यकात पहिले नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. मधल्या नावांचा वाटा एखादा नमुना पुरवण्यापासून सगळी सांख्यिकी सांभाळण्यापर्यंत काहीही असू शकतो. एच-इंडेक्सला हा फरक दिसत नाही.

काळाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या संशोधकांनी २००५ मध्ये 'इम्युनिटी' या नियतकालिकात दाखवले, की आरएनएतील युरिडिन या घटकाच्या जागी स्यूडोयुरिडिनसारखा बदललेला घटक घातला, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर पूर्वीइतकी तुटून पडत नाही. त्याआधी, १९९५ मध्ये, कारिको यांना विद्यापीठात खालच्या पदावर उतरवण्यात आले होते आणि या निबंधाचेही सुरुवातीला फारसे स्वागत झाले नाही. अशाच बदललेल्या आरएनएवर आधारित करोनाविरोधी एमआरएनए लशी आल्यावर त्याची सायटेशन झपाट्याने वाढली आणि २०२३ मध्ये दोघांना त्याच कामासाठी नोबेल मिळाले.