पंचमच्या आधीचा जॅझ

इंदूरच्या रामबागेत पोहे-जिलबी खाताना परवा पुन्हा तेच ऐकलं: ‘हिंदी सिनेमात जॅझ आणला तो पंचमनं, सत्तरच्या दशकात.’ पंचम, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन, आमचाही लाडका, पण हे खरं नाही. १९५१चा ‘अलबेला’ लावून बघा. ‘दीवाना ये परवाना’मध्ये ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट चक्क पडद्यावर दिसतो, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा गोव्याचा गडी. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. संगीतकारानं चाल गुणगुणायची आणि नोटेशन (स्वरलिपी) येणाऱ्या गोवेकरांनी ती कागदावर उतरवून वाद्यांत वाटायची, असं तेव्हा स्टुडिओत चाले. पंचम त्या साली जेमतेम बारा वर्षांचा! आणि त्या गाण्यात चितळकरांसोबत (म्हणजे खुद्द सी. रामचंद्रांसोबत) गाणाऱ्या लताबाई तर इथल्याच, इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या.