जाळ विझला, पण विस्तव?

नॉर्वेमध्ये उन्हाळ्यात तंबू घेऊन फिरणाऱ्यांना एक नियम हमखास खटकतो. तिथे मोकळ्या रानात, घरांपासून 150 मीटर लांब, कोणीही तंबू ठोकू शकतं, तो सगळ्यांचा हक्कच मानलाय. पण 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायला सरसकट बंदी, आग लागूच शकणार नाही अशी जागा असेल तरच सूट. मग लोक म्हणतात की सगळीकडे एवढं हिरवंगार आहे, परवाच पाऊस पडून गेलाय, चार काटक्या पेटवल्या तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते जमिनीच्या खाली.

आपण जाळाला आग समजतो, घोळ तिथेच होतो. लाकूड तापून साधारण 300 अंशांच्या आसपास गेलं की त्यातलं सेल्युलोज तुटायला लागतं, त्यातून वायू निघतात, ते हवेत मिसळून पेटतात आणि तो पेटलेला वायू म्हणजे जाळ. मागे राहतो कोळसा, म्हणजे बहुतेक सगळा कार्बन. हा कार्बन काही वायू होऊन वर येत नाही, त्यामुळे ऑक्सिजनलाच त्याच्यापर्यंत जावं लागतं आणि जळणं होतं ते थेट कोळशाच्या पृष्ठभागावर. यालाच आपण धुमसणं म्हणतो. कोळसा आतून स्पंजसारखा सच्छिद्र असतो, म्हणजे हा पृष्ठभाग दिसतो त्यापेक्षा कितीतरी पट मोठा. आणि मला सगळ्यात भारी वाटते ती राख! ती उष्णता आत धरून ठेवते पण हवा मात्र थोडीथोडी झिरपू देते, म्हणजे निखाऱ्याला पांघरूणही मिळतं आणि श्वासही चालू राहतो. वरून सगळं करडं, थंड दिसतं आणि आत 500-600 अंश असू शकतात.

आता हा निखारा पाईनच्या सुया, शेवाळ, कुजलेली मुळं यांच्या थरावर ठेवला तर काय होईल? किंवा पीटवर, म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींवर? इथे जमीनच इंधन आहे. धुमसणारी आग तासाला काही सेंटीमीटर एवढ्याच वेगाने सरकते, पण या संथपणामुळेच तिला पुढचा ओला थर आधी वाळवायला वेळ मिळतो, त्यामुळे स्वतःच्या कोरड्या वजनाइतकं पाणी धरलेलं पीटसुद्धा धुमसत राहू शकतं. परवाच्या पावसाचा भरवसा म्हणूनच धरायचा नाही. 2023 च्या वणव्यांनंतर कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये पुढच्या हिवाळ्यात बर्फाखालून धूर येत होता. बातम्यांनी त्याला ‘झॉम्बी फायर’ नाव दिलं आणि कोणीतरी मेलेलं उठून बसल्यासारखी वर्णनं सुरू झाली. ती आग मेलेलीच नव्हती हो, वरच्या मातीने आणि बर्फाने तिची उष्णता धरून ठेवली, राखेने निखाऱ्याची धरावी तशी.

मग विझवायचं कसं? थोडा हिशोब करू. एक लिटर पाणी 20 वरून 100 अंशांवर न्यायला साधारण 335 किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी 2260! म्हणजे पाणी खरं काम करतं ते वाफ होताना. 700 अंशांचा एक किलो कोळसा 50 अंशांवर आणायला ढोबळमानाने 650 किलोज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे कागदावर अर्धा लिटरही जास्तच झालं. मग बादली ओतूनही विस्तव का राहतो? कारण ते पाणी फटींमधून निघून जातं, निखाऱ्याच्या पोटात पोचतच नाही, आणि वाळलेलं पीट तर पाणी आत घ्यायलाच तयार नसतं. म्हणून ओता, काठीने ढवळा, परत ओता, जमीन खरवडून तिथेही ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, धग लागत नसेल तरच हात टेकवा. हात टेकवता येत नसेल तर निघायचं नाही. वाळूने झाकणं हा उपाय नाही, वाळू राखेचंच काम करते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी अनवाणी त्यावर पाय देतो.

उघड्या कातळावर पेटवू का, तर स्वीडनमध्ये तेही करू नका सांगतात. ग्रॅनाइटमधली खनिजं तापल्यावर कमीजास्त फुगतात, क्वार्ट्झची तर रचनाच 573 अंशांना बदलते, आणि खडक तडकतो तो कायमचा.

बाकी नियम देशागणिक वेगळे. फिनलंडमध्ये शेकोटीसाठी जमीनमालकाची परवानगी लागते, स्कॉटलंडची आचारसंहिता सांगते की स्टोव्ह वापरा, आणि कोरड्या दिवसांत, जंगलात किंवा पीटवर पेटवूच नका. स्टोव्ह म्हणजे सुरक्षित असंही नाही, चिलीच्या तोरेस देल पाइने पार्कमध्ये 2005 साली एका पर्यटकाचा गॅस स्टोव्ह कलंडला आणि हजारो हेक्टर जळालं. कॅलिफोर्नियातली 2016 ची सोबरानेस आग एका बेकायदा शेकोटीपासून लागली, 1,32,000 एकरांवर गेली, जुलैत लागलेली आटोक्यात यायला ऑक्टोबर उजाडला.

शेकोटी विझवून झाली की अर्धा तास थांबा आणि परत हात लावून बघा. आणि आजूबाजूलाही बघा, फक्त तिथेच नाही. शेकोटीपासून एक-दोन मीटरवर जमिनीतून धुराची बारीक रेघ येत असेल तर विस्तव मुळांमध्ये गेलाय, तिथे पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत बसू नका, युरोपात असाल तर आधी 112 ला फोन करा आणि जागेचं लोकेशन सांगा.