आर्काइव्ह केलं, तरी पीएसटी तेवढीच कशी?

आउटलुकमधली जुनी मेल आर्काइव्हमध्ये हलवली, इनबॉक्स मोकळा दिसायला लागला, आणि फाइल एक्सप्लोररमध्ये जाऊन बघितलं तर पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक आपली मेल संगणकावर जिथे साठवतं ती फाइल, जेवढ्यास तेवढी. १८ जीबी होती, ती १८ जीबीच. उलट शेजारी आर्काइव्हची आणखी एक पीएसटी येऊन बसलेली, म्हणजे डिस्कवरची जागा आणखी गेली. आर्काइव्ह फसलं असं समजून लोक ते परत करतात, पण ते नीटच झालेलं असतं. फाइल लहान करणं हे त्याचं कामच नाही. ते काम कॉम्पॅक्टचं.

आर्काइव्ह मेल हलवतं. एका पीएसटीतून उचलून दुसरीत ठेवतं. मूळ फाइलमध्ये त्या मेलची जागा फक्त 'रिकामी' म्हणून नोंदली जाते, विंडोजला परत मिळत नाही. पुढे येणारी नवी मेल त्या जागेत भरली जाते, म्हणून आर्काइव्हनंतर बरेच दिवस फाइल वाढत नाही. कॉम्पॅक्ट मेलचं स्थान बदलत नाही. फाइलच्या पोटातली रिकामी जागा काढून डिस्कला परत देतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना सोपं आहे. तिथे एरवी प्रत्येक फोल्डर म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल असते. मेल निवडून 'ए' दाबलं की ती आर्काइव्हमध्ये, वर्षाच्या फोल्डरमध्ये जाते. पण इनबॉक्सची फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर तीच मेल, अटॅचमेंटसकट, अजून तिथे सापडते. बदललेली असते ती तिच्या वरची 'एक्स-मोझिला-स्टेटस' ही ओळ. वाचलेल्या मेलला तिथे ०००१ असतं, ते ०००९ होतं. १ मध्ये मिळवलेला तो ८ म्हणजे 'काढलेली' अशी खूण. कॉम्पॅक्ट केल्यावर खूण नसलेल्या मेल नव्या फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि जुनी फाइल जाते. म्हणून कॉम्पॅक्टलाही डिस्कवर थोडी मोकळी जागा लागते. डिस्क पूर्ण भरेपर्यंत थांबू नका, हे मी कळकळीनं सांगते.

आउटलुकमध्ये क्रम असा ठेवा: आधी आर्काइव्ह, मग 'डिलीटेड आयटम्स' रिकामं, आणि शेवटी कॉम्पॅक्ट. मधली पायरी विसरली तर डिलीट केलेली मेल फाइलमध्येच राहते आणि कॉम्पॅक्ट तिला हात लावत नाही. आउटलुक बंद करून पीएसटीची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, तिथे आपली पीएसटी निवडून सेटिंग्ज, आणि 'कॉम्पॅक्ट नाऊ'. मोठ्या फाइलला खूप वेळ लागतो. ऑफिसमधून निघताना लावा, लॅपटॉप असेल तर चार्जिंगला ठेवून. संगणक नुसता पडून असताना आउटलुक हे काम मागच्या मागे थोडंथोडं करतंही, पण काम संपताच लॅपटॉप मिटणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

एकेकाळी हा फरक फार महागात पडायचा. आउटलुक ९७ ते २००२ च्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल उघडायचीच नाही. मायक्रोसॉफ्टनं दिलेलं टूल फाइलचा काही भाग कापून ती उघडण्याजोगी करायचं. कापलेल्या भागातली मेल मात्र जायची. २००३ पासून नव्या फॉरमॅटमध्ये ही मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. त्यामुळे आता घाई नसते, पण फुगलेली फाइल उघडायला, शोधायला आणि बॅकअप घ्यायला जड जाते ते जातंच.

धोका मला आर्काइव्हमध्ये जास्त वाटतो. आयमॅप किंवा एक्स्चेंजच्या, म्हणजे मेल सर्व्हरवर ठेवणाऱ्या खात्यातली मेल आपल्या संगणकावरच्या पीएसटीत हलवली की ती सर्व्हरवरून जाते. फोनवर दिसत नाही, दुसऱ्या संगणकावरही नाही. ती उरते फक्त त्या एका फाइलमध्ये. जुनी बिलं, करारपत्रं अशा मेलमध्येच असतात. त्या आर्काइव्ह फाइलचा बॅकअप चालू फाइलइतकाच नेमानं घ्या.

जीमेलमधलं आर्काइव्ह तर आणखी वेगळं. तिथे मेल फक्त इनबॉक्समधून निघून 'ऑल मेल'मध्ये राहते, १५ जीबीच्या कोट्यातलं काहीच मोकळं होत नाही. तिथे जागा हवी असेल तर मोठ्या अटॅचमेंटच्या मेल शोधून डिलीट करा आणि ट्रॅशही रिकामा करा.