चेन डोझर: कॅलिफोर्नियाच्या दलदलीतून ठाण्याच्या खाजणात

ठाणे-बेलापूर पट्ट्यात साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या क्रॉलर ट्रॅक्टरला कुणी क्रॉलर ट्रॅक्टर म्हणत नाही. तो 'चेन डोझर', नाहीतर नुसता 'डोझर'. वर्षानुवर्षं बंद पडलेला असा डोझर पुन्हा चालता करायचा, तर पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागते: यंत्र कोणत्या पिढीचं आहे? चेन ताणायला मोठा स्क्रू आहे की ग्रीसचा सिलिंडर, स्टार्टिंगला पेट्रोलचं छोटं इंजिन आहे की २४ व्होल्टची बॅटरी, क्लच कोरडा आहे की तेलातला. प्रत्येक पिढीची काळजी वेगळी, आणि एका पिढीची सवय दुसरीवर वापरली की नुकसान ठरलेलं.

या यंत्राचा जन्मच चिखलामुळे झाला. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळ नदीमुखाची जमीन काळी, भुसभुशीत. वाफेचे ट्रॅक्टर तिथे रुतत. बेंजामिन होल्ट यांनी चाकं रुंद करून पाहिली; एका यंत्राची एकूण रुंदी ४६ फुटांवर गेली, तेव्हा ते वळवणंही अवघड झालं. मग २४ नोव्हेंबर १९०४ ला त्यांनी मागची चाकं काढून लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या साखळ्या बसवल्या आणि यंत्र रुतलं नाही. वजन लांबरुंद पट्ट्यावर पसरलं की जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा ते पाऊण किलोवर येतो. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, हाच हिशेब लागू पडतो. खाजण फारच मऊ असेल, तर त्रिकोणी रुंद प्लेटचा स्वॅम्प डोझर लागतो. त्याचा दाब याच्याही निम्म्याच्या आसपास असतो.

१९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर झाली. १९३१ मध्ये त्यांचा पहिला डिझेल ट्रॅक्टर आला. थंड, जड डिझेल इंजिन फिरवण्याइतका दम त्या काळच्या बॅटरीत नव्हता. म्हणून बाजूला दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलं. हेच ते पोनी इंजिन.

पोनीवर सुरू करायचा क्रम घाईत मोडू नये. आधी पोनी सुरू करून मंद चालू द्यायचं. मग त्याचा क्लच सोडून पिनियन (छोटं दातेरी चाक) डिझेलच्या फ्लायव्हीलच्या दातांत घालायचा, डिझेलचं कॉम्प्रेशन सोडलेल्या स्थितीत (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणार नाही असं) ठेवायचं आणि क्लच हळूच लावायचा. डिझेल रिकामंच फिरू लागतं. इथे गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थांबायचं. दोन्ही इंजिनांचं थंड करायचं पाणी एकच असतं, शिवाय पोनीचा गरम एक्झॉस्ट डिझेलच्या इनटेकजवळून नेलेला असतो. म्हणजे हा वेळ फुकट जात नाही, डिझेल आतून गरम होत असतं. मग कॉम्प्रेशन द्यायचं, डिझेल सोडायचं. इंजिनाने पकड घेतली की पिनियन आपोआप बाहेर फेकला जातो. तो अडकला तर पोनी भलत्याच वेगाने फिरून फुटू शकतं, म्हणून पिनियनची लॅच दर वेळी तपासावी.

पोनी रुसण्याचं नेहमीचं कारण कार्ब्युरेटर. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते इथल्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर खराब करतं. म्हणून डिझेल चालू झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून पोनी कार्ब्युरेटर कोरडं होईपर्यंत चालवावं. फ्लोटची सुई अडकली तर टाकीतलं पेट्रोल गळून पोनीच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर ते ऑइल बदलल्याशिवाय पोनी चालू करू नये.

भारतात ही यंत्रं मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन लष्कराचे उरलेले ट्रॅक्टर घेऊन सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने कांस गवताने व्यापलेल्या जमिनी नांगरायला घेतल्या, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला याच कामाच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. पुढे १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स स्थापन झाली आणि जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने डी-८०, डी-१५५ हे डोझर कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात बनू लागले.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, आणि खाडीकाठची सखल जमीन, मिठागरं, भातखाचरं भराव घालून उंच करायचं काम सुरू झालं. मुरूम पसरायचा, दाबायचा, पुन्हा पसरायचा: डोझरचं हक्काचं काम. पण तीन गोष्टी इथे एकत्र येतात. खाजणाचा खारा चिखल, पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण आणि चार महिन्यांचा पाऊस. तिन्हींचा मार बसतो चेनवर.

जुनी चेन कोरडी असते. लिंका जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासतात, त्यांत तेल नसतं. 'करकरते, जरा ऑइल मारू' हा मोह टाळावाच. तेल रेती धरून ठेवतं आणि त्याची घासपेस्ट होते. झीज पाहायची तर चेन ताठ करून चार लिंकची लांबी टेपने मोजावी. पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) २१६ मिलिमीटरची असेल तर नवी चेन ८६४ भरते. त्यात १२ मिलिमीटरच्या आसपास वाढ दिसली की पिन-बुश १८० अंशांत फिरवून न झिजलेली बाजू कामाला लावायची. बुशला तडा गेल्यावर फिरवून उपयोग नाही.

ताण पाहताना आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचं मोठं चाक) आणि वरच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवावी. मध्ये २० ते ३० मिलिमीटर झोळ हवा. हे माप धुतलेल्या यंत्रावर घेऊ नये, काम चालू असतानाच्या चिखलासकट घ्यावं; कारण चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटच्या दातांत बसलेला खाजणाचा चिखल चेन आपणच ताणतो. ग्रीसचा ॲडजस्टर सैल करताना व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त उघडू नये आणि तोंड समोर नेऊ नये. आतलं ग्रीस गोळीसारखं सुटतं.

खारं पाणी आत शिरलं की नाही, हे कळायला फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारी गिअरपेटी) उघडावा लागत नाही. यंत्र रात्रभर उभं ठेवायचं, सकाळी ड्रेन प्लग थोडाच सैल करायचा. पाणी जड, म्हणून आधी तेच ठिबकतं. नंतर येणारं ऑइल दुधाळ असेल तर सील गेलेलं समजावं.

चालवणाऱ्यासाठी एक गोष्ट खाणीच्या उतारावर जिवाची आहे. सपाटीवर डावा लिव्हर ओढला की डाव्या चेनचा क्लच सुटतो आणि यंत्र डावीकडे वळतं. उतारावर यंत्र स्वतःच्या वजनाने इंजिनाला ढकलत असेल, तर सुटलेली डावी चेन जास्त वेगाने धावते, उजवीला इंजिन धरून ठेवतं आणि यंत्र उजवीकडे वळतं. तिथे उलट लिव्हर ओढायचा, किंवा लिव्हरबरोबर त्याच बाजूचा ब्रेकही दाबायचा. नवख्या माणसाला हे आधी हलक्या उतारावर करून दाखवावं.

पुढे खोदाई पोकलेनकडे गेली. हा शब्द पोक्लेन या फ्रेंच कंपनीच्या नावावरून आपल्याकडे रुळला. लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने इथे एक्स्कॅव्हेटर बनवले होते. डोझरकडे पसरणं आणि रिपरने (मागे बसवलेल्या दाताने) फोडणं एवढंच राहिलं, आणि कितीतरी यंत्रं कडेला लागली.

अशा उभ्या यंत्राला पावसाळ्याआधी जाड लाकडी स्लीपरवर चढवावं, ब्लेड खाली फळीवर टेकवावं, एक्झॉस्टवर डबा उपडा घालावा. कोरड्या स्टिअरिंग क्लचच्या पेटीचा खालचा प्लग काढून ठेवावा, म्हणजे ऑइल किंवा पाणी साचून प्लेटा चिकटणार नाहीत. आणि महिन्यातून एकदा इंजिन गरम करून यंत्र दहा-पंधरा मीटर पुढे, तेवढंच मागे न्यावं. एक पावसाळा एकाच जागी काढलेल्या चेनच्या लिंका गंजून आखडतात, आणि मग त्या सोडवायला घण आणि गॅसची ज्योत लागते.