प्रशासक-अधिकार आणि फाइल-मालकी

युनिक्स कुळातील (लिनक्स, मॅकओएस इ.) कार्यप्रणालींत प्रशासकाच्या अधिकाराने सॉफ्टवेअर बसविताना काही फाइली 'रूट' या सर्वाधिकारी खात्याच्या नावे राहतात व त्या नेहमीच्या वापरकर्त्याला बदलता येत नाहीत, असा हा दोष. नव्या फाइलीचा मालक ठरतो तो ती निर्माण करणाऱ्या प्रक्रियेच्या (चालू प्रोग्रॅमच्या) प्रभावी वापरकर्ता-क्रमांकावरून, म्हणजे ती ज्या खात्याच्या अधिकाराने चालते त्याच्या क्रमांकावरून. फाइल कोणाच्या होम डिरेक्टरीत (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात) पडली, हे पाहिले जात नाही. रूटचा क्रमांक ० असतो. बहुधा इतरांना अशी फाइल वाचता येते, लिहिता मात्र येत नाही. त्यामुळे दोष बसवताना दिसत नाही. पुढच्या अद्ययावतीकरणात 'परवानगी नाकारली' या संदेशाने तो उघड होतो.

अधिकार उसना घेण्याची 'सू' ही आज्ञा जुनी आहे. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत तिचे वर्णन 'विशेषाधिकारी वापरकर्ता बना' असे आहे, तर १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'वापरकर्ता-क्रमांक तात्पुरता बदला' असे. नावाची फोड 'सुपरयूझर' की 'सब्स्टिट्यूट यूझर', हा वाद यातूनच निघतो. पहिल्या आवृत्तीचा पुरावा आधीचा असल्याने पहिली फोड अधिक ग्राह्य वाटते. एखादी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालविणारी 'सुडो' ही आज्ञा बॉब कॉगेशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात १९८० च्या सुमारास रचली. ती व्हॅक्स-११/७५० यंत्रावर ४.१ बीएसडी (बर्कली विद्यापीठाची युनिक्स) प्रणालीत चाले, असेही सांगितले जाते. पण ती प्रणाली १९८१ ची, तेव्हा हे साल सैलच धरावे.

मालक बदलणारी आज्ञा 'चोन'. सिस्टिम पाच (एटी अँड टीची युनिक्स) परंपरेत सामान्य वापरकर्त्यालाही स्वतःची फाइल दुसऱ्याच्या नावे करता येई. बीएसडीने तो हक्क रूटपुरताच ठेवला. लिनक्सनेही तोच मार्ग धरला, म्हणून रूटने केलेली चूक निस्तरायलाही रूटच लागतो. याउलट, फाइल पुसणे तिच्या मालकीवर नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या लेखन-परवानगीवर अवलंबून असते (चिकट-बिट, म्हणजे इतरांच्या फाइली पुसण्यास मज्जाव करणारी खूण, लावलेली डिरेक्टरी वगळता). हा भेद न कळल्याने पुष्कळांची गफलत होते.

होम डिरेक्टरीतील एनपीएम या जावास्क्रिप्ट-पॅकेजे बसविणाऱ्या साधनाचा साठा (कॅश) रूटच्या नावे होणे, हा सर्वांत परिचित प्रकार. फाइलींचे संग्रह बांधणारे व सोडविणारे जीएनयू टार रूटने चालविल्यास ते संग्रह सोडवताना त्यात नोंदलेला मालक कायम ठेवते. ते नाव यंत्रावर नसेल तर केवळ क्रमांक उरतो, आणि तो भलत्याच व्यक्तीचा असू शकतो.

संकलन (मूळ संहितेतून चालणारा प्रोग्रॅम घडविणे) साध्या खात्याने करून फक्त शेवटची प्रत ठेवण्याची पायरी सुडोने करणे उत्तम. होमब्रू हे सॉफ्टवेअर बसविण्याचे साधन तर रूटने चालण्यास नकारच देते. झालेला बिघाड 'चोन'ने दुरुस्त होतो, पण तो नेमक्या डिरेक्टरीपुरताच करावा. प्रणालीचे प्रोग्रॅम असलेल्या संपूर्ण 'यूएसआर' डिरेक्टरीवर सरसकट चालविल्यास सुडोच्या फाइलीचीच मालकी जाते व सेटयूआयडी-बिट (प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालविणारी खूण) पुसला जातो. मग सुडो चालत नाही आणि दुरुस्तीसाठी अन्य मार्गाने रूट व्हावे लागते.