शेणखत, युरिया आणि इगतपुरीचे भातखाचर: पार्श्वभूमी

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा नाशिकचा भातपट्टा. इथल्या भाताचे जुने खत म्हणजे राब: शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरून भाजायच्या आणि त्या राखेत रोप टाकायचे. खाचराला मिळे ते गोठ्यातले शेणखत. पुढे सुधारित वाणांबरोबर गोणीतले खत आले. जोडीने शेणखतही द्या, ही शिफारस तेव्हापासूनची आहे. ती मागे पडली त्याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडले जाते, ते अन्यायाचे आहे.

खरे वळण ऑगस्ट १९९२ चे. खत-अनुदानाचा बोजा उतरवण्यासाठी केंद्राने स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) खतांवरचे दरनियंत्रण उठवले, ती महागली. नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या युरियाचे मात्र कायम ठेवले, वर त्याचा दर १० टक्क्यांनी उतरवला. लहान शेतकऱ्याला किमान एक खत परवडावे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण नत्र, स्फुरद, पालाश यांचे देशातले वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९:२.४:१ होते, ते एका वर्षात ९.५:३.२:१ वर गेले. आदर्श मानतात ते ४:२:१. चूक दुरुस्त करायची संधी २०१० मध्ये आली होती. अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान सुरू झाले आणि युरिया पुन्हा बाहेरच राहिला.

खाचरात याचा अर्थ काय होतो? आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाल्यावर युरिया फेकला की आठवड्याभरात भात काळाभोर दिसतो. पण साचलेल्या पाण्यावर फेकलेल्या नत्राचा मोठा हिस्सा हवेत उडतो, आणि घाटमाथ्याच्या पावसात बांध फुटला की उरलेला ओढ्याला लागतो. नत्र धरून ठेवायला जमिनीत सेंद्रिय कर्ब लागतो. तो शेणखतातून यायचा, तर बैल कमी झाले, उकिरडे आटले. द्राक्षबागेला शेणखताची ट्रॉली विकत घेणे परवडते, भाताला नाही.

म्हणून भातलागवडीची चारसूत्री पद्धत मला महत्त्वाची वाटते. तिची चार सूत्रे अशी. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख. चिखलणीआधी बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) हिरवा पाला, हेक्टरी सुमारे ३ टन. मग दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरचे आलटून पालटून अंतर धरून आवणी. शेवटी चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) यांची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबायची. तिथे हवा पोहोचत नाही, त्यामुळे नत्र अमोनियम रूपात टिकते आणि मुळांना सावकाश मिळते. पाला विकत घ्यावा लागत नाही, खत फुकट जात नाही.

२०१५ मध्ये सगळा युरिया निंबोळीलेपित झाला, मृद आरोग्य पत्रिका आल्या. २०१८ पासून गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली. गोळीखताचा प्रश्न मात्र मजुरीवर अडतो. हेक्टरी ६२,५०० गोळ्या हाताने दाबायच्या, त्याही ऐन आवणीत, जेव्हा गावात माणूस मिळत नाही. गोणीवर अनुदान आहे, या मजुरीलाही ते मिळायला हवे.