मुदतीआधी फ्रीलान्स करार संपवताना : एजन्सीमार्फत काम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

भाषांतर, डिझाइन, प्रोग्रॅमिंग किंवा सल्लागारीची कामे एजन्सीमार्फत घेणाऱ्या अनेकांचे करार व हिशेब आमच्या कार्यालयात पाहिले जातात. मुदत संपण्याआधी काम सोडायची वेळ आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘एजन्सी मला अडवून ठेवू शकते का?’ ज्या कामाचा सारा भर व्यक्तीच्या स्वतःच्या कौशल्यावर आहे, ते तिच्याकडून सक्तीने करून घेण्याचा आदेश न्यायालय देत नाही. स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ च्या कलम १४ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. वाद उरतो तो पैशांचा, आणि तो किती वाढेल हे आपण बाहेर कसे पडता यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आपला करार एजन्सीशी असतो. ज्या कंपनीचे काम आपण प्रत्यक्षात करता तिचा करारही एजन्सीशीच असतो, आणि त्यात आपण पक्षकार नसता. म्हणून कंपनीच्या मॅनेजरने ‘आमची काही हरकत नाही’ असे तोंडी सांगितल्याने आपला करार संपत नाही. करारात ‘नोटीस एजन्सीला पोहोचल्यापासून तीस दिवस’ असे लिहिलेले असेल, आणि आपण ५ तारखेला मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर कळवून एजन्सीला २० तारखेला ईमेल केला असेल, तर दिवस २० तारखेपासून मोजले जातात. मधले पंधरा दिवस हातचे जातात. नोटीस कोणत्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवायची हे कराराच्या शेवटी एखाद्या छोट्या कलमात दिलेले असते, ते कृपया शोधून पाहावे. काही करारांत एजन्सीला सात दिवसांत करार संपवता येतो आणि आपल्याला मात्र साठ दिवस थांबावे लागते. अशी विषम अट सही करण्यापूर्वीच बदलून घेणे चांगले, कारण नंतर ती सहसा बदलत नाही. आपल्याला बाहेर पडण्याची तरतूदच करारात नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ नुसार दोन्ही पक्षांच्या संमतीने करार रद्द करता येतो. मात्र ती संमती लेखी घ्यावी.

मुदतीआधी गेल्यास अमुक रक्कम भरावी लागेल, या अटीची धास्ती अनेकांना वाटते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळू शकते, आणि हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात मांडले आहे. याचा अर्थ काहीच द्यावे लागणार नाही असा नव्हे. आपण अर्धवट काम टाकून गेलात आणि एजन्सीला ऐनवेळी जास्त दराने दुसरा माणूस लावावा लागला, तर तो फरक ती न्याय्यपणे मागू शकते. म्हणूनच फाइल्स, पासवर्ड आणि अपुऱ्या कामाची यादी रीतसर सोपवून त्याची लेखी पोच घ्यावी, असा आमचा आग्रह असतो.

झालेल्या कामाचे पैसे बुडू नयेत यासाठी नोटीस देण्याआधीच टाइमशीट मंजूर करून घेऊन तोपर्यंतचे बिल पाठवावे. ‘क्लायंटकडून पैसे आल्यावर देऊ’ हे उत्तर आपल्याला एजन्सीकडून वारंवार ऐकावे लागते. आपली सरकारकडील उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा), २००६ नुसार आपले काम एजन्सीने स्वीकारल्यापासून पैसे देण्यासाठी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत करारातही ठेवता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. दाद याच कायद्याखालील फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागता येते. नोंदणी मात्र काम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी. पैसे थकल्यावर केलेली नोंदणी मागील बिलांना लागू पडेल असे धरून चालू नये. कापलेला टीडीएस आपल्या नावावर जमा झाला आहे का, हेही पाहावे.

करार संपल्यावर त्याच कंपनीचे काम थेट घेता येईल का? करार चालू असतानाच्या काळापुरते घातलेले बंधन बहुधा टिकते. तो संपल्यानंतरही व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे निरर्थक ठरते. मूळचा श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचे व्यवस्थापन पाहणारी परसेप्ट डी’मार्क ही कंपनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितले. गोपनीयतेचे बंधन मात्र वेगळे. क्लायंटची कागदपत्रे व माहिती आपल्याला नंतरही वापरता येत नाही.

नोटीस पाठवण्यापूर्वी मूळ करार, त्याला जोडलेल्या वर्क ऑर्डर, मागील तीन महिन्यांची बिले आणि एजन्सीशी झालेला ईमेल-व्यवहार घेऊन कार्यालयात यावे; नोटिशीचा मसुदा त्यावरूनच तयार करता येतो.